सरकार कसं पडतं, पैसा कुठे अडतो?

वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडला तर अध्यक्षीय पद्धत, नाहीतर संसदीय, असं शाळेत शिकलो. पण आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष लोकच निवडतात आणि कारभार मात्र पंतप्रधान पाहतो. मग खरी खूण कोणती?

उत्तर: निवडणुकीवरून ओळखायला गेलं की अशी फसगत होते. ऑस्ट्रियातही राष्ट्राध्यक्ष थेट निवडून येतो, पण रोजचा कारभार चान्सलरच्या, म्हणजे तिथल्या पंतप्रधानाच्या, हातात असतो. उलट दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्राध्यक्ष खासदार निवडतात आणि अविश्वास ठराव मंजूर करून तेच त्याला घरीही पाठवू शकतात. म्हणजे हुद्द्याचं नाव राष्ट्राध्यक्षाचं आणि काम पंतप्रधानाचं.

सरकार येतं कसं यापेक्षा जातं कसं ते पाहा. कोणताही आरोप सिद्ध न करता, केवळ विश्वास उरला नाही म्हणून सभागृह सरकारला घालवू शकत असेल, तर ती संसदीय पद्धत. २८ मार्च १९७९ ला ब्रिटनमध्ये कॅलाहन यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१० मतांनी पडलं आणि ३ मे रोजी निवडणूक झाली. भारतात १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकारला २६९ मतं मिळाली, विरोधात २७० पडली. दोन्हीकडे एका मतावर सगळं संपलं. चौकशी नाही, साक्षीपुरावे नाहीत.

अमेरिकेत हे शक्य नाही. तिथे महाभियोगासाठी आरोप ठेवावा लागतो. तो ठेवायला प्रतिनिधिगृहात साधं बहुमत पुरतं, पण पदावरून काढायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या विरोधात ३५ आणि बाजूने १९ मतं पडली, आणि एक मत कमी पडल्यामुळे ते वाचले. पुढे क्लिंटन यांच्यावर एकदा आणि ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग चालला, पण एकालाही सिनेटने काढलेलं नाही. (निक्सन यांनी १९७४ मध्ये प्रतिनिधिगृहात मतदान होण्याआधीच राजीनामा दिला होता.)

दक्षिण कोरियाही अध्यक्षीयच, पण तिथे शेवटचा शब्द संविधान न्यायालयाचा. १४ डिसेंबर २०२४ ला ३०० पैकी २०४ सदस्यांनी महाभियोगाच्या बाजूने मत दिलं. लागत होती २०० मतं. ४ एप्रिल २०२५ ला आठही न्यायाधीशांनी एकमताने राष्ट्राध्यक्ष यून यांना पदावरून दूर केलं. अमेरिकेत अशा वेळी उपराष्ट्राध्यक्ष उरलेली मुदत पुरी करतो. कोरियात ६० दिवसांत नवी निवडणूक घ्यावी लागते, आणि ती ३ जूनला झालीही.

प्रश्न: अविश्वास ठरावाने सरकार इतक्या सहज पडत असेल, तर जर्मनीत चान्सलर वर्षानुवर्षं कसे टिकतात?

उत्तर: कारण तिथे नुसतं पाडता येत नाही. पाडणाऱ्यांनी त्याच ठरावात पुढच्या चान्सलरचं नाव द्यावं लागतं. नियम राज्यघटनेच्या ६७व्या कलमात आहे: ठराव मांडल्यापासून मतदानापर्यंत ४८ तास जायला हवेत, आणि हजर सदस्यांचं बहुमत पुरत नाही, एकूण सदस्यसंख्येचं लागतं.

यामागे १९३२ चा कडू अनुभव आहे. त्या वर्षी जुलैच्या निवडणुकीत नाझी आणि कम्युनिस्ट यांच्या मिळून ६०८ पैकी ३१९ जागा झाल्या. एकत्र येऊन कोणतंही सरकार पाडता यावं एवढं बहुमत, आणि एकत्र सरकार चालवण्याची सुतराम शक्यता नाही. १९४९ ची घटना लिहिणाऱ्यांनी ही वाट बंद केली.

आजवर हा ठराव दोनदाच मतदानाला आला. एप्रिल १९७२ मध्ये विरोधी पक्षाचे बार्झेल यांना २४७ मतं मिळाली, हवी होती २४९. १ ऑक्टोबर १९८२ ला मात्र सत्तेतल्या छोट्या पक्षाने बाजू बदलली आणि श्मिट यांच्या जागी कोल आले.

पण टिकणं म्हणजे चालणं नव्हे. बहुमत गमावलेला चान्सलर खुर्चीवर राहू शकतो, कायदा मात्र मंजूर करून घेऊ शकत नाही. मग तो स्वतःच विश्वासदर्शक ठराव मांडतो, आणि हरण्यासाठीच मांडतो, कारण हरल्यावरच राष्ट्राध्यक्षाकडे सभागृह बरखास्त करण्याची विनंती करता येते. १६ डिसेंबर २०२४ ला शोल्त्स यांनी हेच केलं. बाजूने २०७, विरोधात ३९४, आणि २३ फेब्रुवारीला निवडणूक.

स्पेननेही हीच पद्धत उचलली. १ जून २०१८ ला सांचेझ १८० विरुद्ध १६९ मतांनी पंतप्रधान झाले, तेव्हा ३५० च्या सभागृहात त्यांच्या पक्षाच्या जेमतेम ८४ जागा होत्या. आधीचे पंतप्रधान राखोय नकोत एवढ्यावर जमलेले पक्ष अर्थसंकल्पावर फुटले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो नामंजूर झाला आणि एप्रिलमध्ये निवडणूक घ्यावी लागली.

प्रश्न: अमेरिकेत सरकार 'बंद' पडतं. बेल्जियममध्ये दीड वर्ष सरकारच नव्हतं, तरी शाळा, पगार, निवृत्तिवेतन सगळं चालू. हे कोडं उलगडून सांगाल का?

उत्तर: दोन्ही ठिकाणी 'सरकार' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. बेल्जियममध्ये पूर्ण अधिकाराचं मंत्रिमंडळ नव्हतं, तिजोरी उघडी होती. अमेरिकेत मंत्रिमंडळ जागेवर असतं, तिजोरीला कुलूप लागतं.

अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोपर्यंत खर्चाची १२ वेगवेगळी विधेयकं दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन त्यांवर राष्ट्राध्यक्षाची सही व्हावी लागते. सगळी बाराच्या बारा वेळेत होणं १९९६ नंतर घडलेलं नाही, म्हणून काही आठवड्यांची तात्पुरती मंजुरी घेऊन काम भागवलं जातं. तीही अडली की कुलूप. सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायला १०० पैकी ६० मतं लागतात, त्यामुळे बहुमत असलेला पक्षही एकट्याच्या बळावर ही मंजुरी बहुधा आणू शकत नाही.

कुलूप लावणारा कायदा एकोणिसाव्या शतकातला आहे. मंजूर नसलेला खर्च कोणत्याही खात्याने करायचा नाही, एवढंच तो सांगतो. पूर्वी खाती तरीही काम चालू ठेवत, मंजुरी आज ना उद्या येईलच या भरवशावर. १९८० मध्ये महान्यायवादी सिव्हिलेटी यांनी मत दिलं की मंजुरी नसेल तर काम थांबवलंच पाहिजे. तेव्हापासून बंद हा खरोखरचा बंद झाला. जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाचं काम तेवढं वगळलं जातं. त्यामुळे विमानवाहतूक नियंत्रक कामावर येतात, पण पगाराची तारीख कोरडी जाते. वृद्धांचं निवृत्तिवेतन मात्र चालू राहतं, कारण त्याची तरतूद कायमच्या कायद्यात आहे, वार्षिक विधेयकांत नाही. २०१८-१९ चा बंद ३५ दिवस चालला, २०२५ चा ४३ दिवस. आधी विमानतळांवर माणसं कमी पडू लागतात, उड्डाणं रखडतात, आणि मग तडजोडीची घाई सुरू होते. माझ्या मते ही या व्यवस्थेतली सर्वांत वाईट तरतूद आहे: भांडण नेत्यांचं आणि पगार थकतो त्या भांडणाशी काही संबंध नसलेल्या कर्मचाऱ्यांचा.

आता बेल्जियम. १३ जून २०१० ला निवडणूक झाली आणि मंत्रिमंडळाचा शपथविधी ६ डिसेंबर २०११ ला, म्हणजे ५४१ दिवसांनी. मधल्या काळात आधीचे पंतप्रधान लेटर्म यांचं काळजीवाहू सरकार होतं. अर्थसंकल्प नसला की तिथे 'हंगामी बारावा हिस्सा' चालतो: मागच्या वर्षीच्या तरतुदीचा बारावा भाग एकेका महिन्यासाठी, संसदेच्या संमतीने. मागच्या वर्षी एखाद्या कामाला १२ कोटी असतील, तर दर महिन्याला १ कोटी. पगार निघतात, शाळा चालतात. त्यातून शिक्षणासारखे विषय मुळातच प्रादेशिक आणि भाषिक सरकारांकडे आहेत, आणि ती सरकारं शाबूत होती.

तोटा हळूहळू दिसतो. महागाई वाढते, बारावा हिस्सा तेवढाच राहतो. नवी योजना सुरू करता येत नाही, आणि बंद करायला हवी ती बंदही होत नाही. काळजीवाहू मंत्री मोठा निर्णय घेऊ शकत नाही, तोवर कर्जावरचं व्याज चढत जातं. २५ नोव्हेंबर २०११ ला एका पतमानांकन संस्थेने देशाची पत एक पायरी खाली आणली, आणि दुसऱ्याच दिवशी अर्थसंकल्पावर समझोता झाला.

तिसरा मार्ग इस्रायलचा. तिथे मुदतीत अर्थसंकल्प झाला नाही तर संसदच आपोआप विसर्जित होते. डिसेंबर २०२० मध्ये असंच झालं आणि दोन वर्षांतली चौथी निवडणूक घ्यावी लागली. आपल्याकडचं लेखानुदान बेल्जियमच्या वळणाचं, फक्त ते थोड्या महिन्यांपुरतं असतं.

प्रश्न: फ्रान्समध्ये मतदान न होताच कायदा मंजूर होतो, हे खरं का?

उत्तर: खरं आहे. १९५८ च्या घटनेतल्या ४९व्या कलमाचं तिसरं पोटकलम तशी सोय देतं. पंतप्रधान सभागृहात उभे राहून सांगतात की या विधेयकावर सरकार पणाला लावतो आहे. चर्चा तिथेच थांबते. पुढच्या २४ तासांत किमान एक दशांश सदस्यांच्या सहीचा अविश्वास ठराव आला नाही, तर विधेयक मंजूर समजलं जातं. ठराव आला तर किमान ४८ तासांनी मतदान होतं आणि फक्त बाजूची मतं मोजतात, त्यामुळे गैरहजर राहणारा आपोआप सरकारच्या पारड्यात पडतो. ५७७ जागांच्या सभागृहात २८९ मतं लागतात, जागा रिकाम्या असतील तर त्या प्रमाणात कमी.

२०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करणारा कायदा असाच झाला. सरकार पाडायला २८७ मतं हवी होती, पडली २७८. २००८ पासून या हत्याराला मर्यादा आहे: अर्थसंकल्प आणि सामाजिक सुरक्षेचा अर्थसंकल्प यांवर कितीही वेळा, बाकी अधिवेशनात एकाच विधेयकावर.

हत्यार उलटतंही. ४ डिसेंबर २०२४ ला पंतप्रधान बार्निए यांच्या विरोधात ३३१ मतं पडली आणि सरकार गेलं. याआधी अविश्वास ठरावाने सरकार पडलं होतं ते १९६२ मध्ये, पंतप्रधान पोंपिदू यांचं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी लगेच सभागृह बरखास्त केलं आणि निवडणूक जिंकून पोंपिदूंनाच परत आणलं. २०२४ मध्ये मॅक्रॉन यांना तो रस्ता मोकळा नव्हता. त्यांनी जूनमध्येच सभागृह बरखास्त केलं होतं, आणि त्यानंतरच्या निवडणुकीपासून वर्षभर ते पुन्हा करता येत नाही. तीन गटांत विभागलेल्या त्याच सभागृहातून पुढचा पंतप्रधान निभावून न्यावा लागला.

प्रश्न: स्वित्झर्लंडचा पंतप्रधान कोण? नाव कधी ऐकू येत नाही.

उत्तर: पंतप्रधान हे पदच नाही. सात मंत्र्यांची समिती सरकार चालवते. दोन्ही सभागृहांचे २४६ सदस्य एकेका जागेसाठी गुप्त मतदान करून त्यांना चार वर्षांसाठी निवडतात. राष्ट्राध्यक्षपद दर वर्षी त्यांच्यातच फिरतं. मधल्या काळात संसद त्यांना काढू शकत नाही आणि तेही संसद बरखास्त करू शकत नाहीत. मोठे पक्ष सगळे सरकारातच, त्यामुळे विरोधकांची जागा मतदार घेतात: १०० दिवसांत ५०,००० सह्या जमल्या की संसदेने मंजूर केलेला कायदा सार्वमताला जातो. म्हणून मसुदा तयार होतानाच कॅन्टन (तिथली घटक राज्यं), पक्ष आणि संघटनांची मतं मागवतात. कायदा व्हायला वर्षं लागतात, पण झालेला कायदा सहसा टिकतो.

प्रश्न: मतांची टक्केवारी आणि जागा यांचा मेळ कुठे नीट बसतो?

उत्तर: पुरता कुठेच बसत नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक मतदारसंघात सर्वाधिक मतं मिळवणारा एकच जिंकतो. २०२४ मध्ये मजूर पक्षाला साधारण ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतं आणि ५ जागा, तर १२ टक्के मतं घेणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ७२. या पक्षाची मतं ठरावीक मतदारसंघांत एकवटलेली होती, रिफॉर्मची देशभर पातळ पसरलेली.

जर्मनीत जागा मतांच्या प्रमाणात मिळतात, पण पाच टक्क्यांचा उंबरठा आहे (थेट तीन मतदारसंघ जिंकले तर सूट). २०२५ मध्ये साहरा वागेनक्नेश्ट यांच्या पक्षाला ४.९८ टक्के मतं मिळाली आणि ६३० पैकी एकही जागा नाही. उंबरठा ओलांडला असता, तर आज सत्तेत असलेल्या पक्षांचं बहुमत भरलं नसतं आणि त्यांना तिसरा भागीदार शोधावा लागला असता.