सक्युलंटला पाणी: वार नको, काडी बघा

सक्युलंट म्हणजे जाड, रसाळ पानांची रोपं. त्यांच्या पाण्याचा वार ठरवू नका. बांबूची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा. ओली माती चिकटून आली तर पाणी नाही. कोरडी निघाली की मात्र खालच्या भोकातून वाहीपर्यंत घाला, बशीतलं ओतून टाका. पुण्यात मे महिन्यात ही वेळ साधारण आठवड्याने येते, जुलैत कधी महिनाभर येत नाही.

नर्सरीतलं रोप बऱ्याचदा निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) असतं. खरं दुखणं तेच: वरून सुकलेलं, मुळाशी चिंब. त्याऐवजी निम्मी माती-कंपोस्ट, निम्मा विटेचा चुरा घ्या.

पानं सुरकुतली तर तहान. पिवळट, काचेसारखी होऊन बोट लावताच गळाली तर कूज. मग शेंडा कापा. कापावर तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा. चार दिवस सावलीत सुकवून कोरड्या मिश्रणात लावा. स्प्रे बाटली? नकोच.