हिपहॉपची रचना शिकली की नाही, हे सात दिवसांनी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रकल्प, विषय ‘हिपहॉप नृत्यरचना शिकण्याची परिणामकारक पद्धत’, हाताशी महाविद्यालयातले २० विद्यार्थी, आरशाचा एक हॉल आणि सहा आठवडे. दहा जणांना एका पद्धतीने शिकवायचं, दहा जणांना दुसऱ्या. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा एकत्र व्हिडिओ घ्यायचा आणि गूगल फॉर्मवर मतं विचारायची. हे चालेल का?

विषय चांगला आहे, पण शेवटच्या दिवसाचा व्हिडिओ तुम्हाला फसवेल. तासाच्या शेवटी रचना अंगात गरम असते, पुढे कोणीतरी नाचत असतं आणि आरशात शेजारी दिसत असतो. त्या घटकेला नीट नाचणं वेगळं आणि शिकणं वेगळं. शे आणि मॉर्गन या संशोधकांचा १९७९ चा प्रयोग याबाबत वाचाच. हाताच्या हालचालींचे तीन क्रम त्यांनी एका गटाला एकेक करून घोटायला लावले आणि दुसऱ्या गटाला मिसळून. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता, पण दहा मिनिटांनी आणि दहा दिवसांनी पुन्हा करायला सांगितल्यावर मिसळून सराव केलेला गट पुढे निघाला. म्हणजे सरावाच्या दिवशीच मोजलं असतं, तर निष्कर्ष उलटा आला असता. तुमच्या प्रकल्पात दोन चाचण्या ठेवा: एक शिकवल्यानंतर पाच मिनिटांनी आणि दुसरी बरोबर सात दिवसांनी, मध्ये उजळणी न करता. मुख्य आकडा दुसऱ्या चाचणीचा.

आता ‘परिणामकारक पद्धत’ हे शब्द. एवढं मोठं तोंड असलेला प्रश्न सहा आठवड्यांत मिटत नाही. एकाच गोष्टीत फरक करा, बाकी सगळं सारखं ठेवा. माझी सूचना: आकडे मोजून शिकवणं विरुद्ध आवाज म्हणून शिकवणं. हिपहॉपच्या वर्गात दोन्ही चालतं. काही शिक्षक ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ म्हणत शिकवतात, काही ‘डुम, टाक, डुम-का-टाक’ असं तोंडाने वाजवतात. आपल्याकडे कथकच्या पढंतीमुळे, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याच्या रीतीमुळे, या प्रश्नाला खास अर्थ आहे, आणि मार्गदर्शकांनाही तो एका वाक्यात सांगता येतो.

उदाहरणादाखल एक ‘आठ’, म्हणजे आठ ठोक्यांचा तुकडा, घ्या. आकड्यांत ती अशी: एक, दोन, तीन-आणि-चार, पाचला थांबा, सहा, सात-आणि-आठ. तीच आवाजांत: डुम, टाक, डुम-का-टाक, श्वास, टाक, डुम-का-टाक. एक-तीनला ड्रमचा खालचा ठोका आणि दोन-चारला वरचा कडक ठोका, हे बहुतेक हिपहॉप बीटमध्ये ऐकू येतं, त्यामुळे आवाज थेट गाण्यावर बसतात. फरक पडलाच तर तो ‘आणि’च्या, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या, जागी आणि थांब्यावर पडेल. साध्या एक-दोन-तीन-चारवर दोन्ही पद्धती सारख्याच निघण्याची शक्यता जास्त. म्हणून रचनेत ‘आणि’ आणि थांबे मुद्दाम हवेत.

मोजणीची भाषा आधी ठरवा आणि बदलू नका. मराठीत ‘सहा’ दोन अक्षरांचा, इंग्रजीत ‘सेव्हन’. नवख्या माणसाला ‘सेव्हन’चं दुसरं अक्षर म्हणजेच ‘आणि’ वाटतं आणि आठचा ठोका लवकर येतो. गोष्ट बारीक आहे, पण तुमच्या आकड्यांत ती दिसेल.

रचना किती लांब ठेवायची? चार आठी पुरे. ९६ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला ९६ ठोक्यांचं, ड्रमचं वाद्यसंगीत घ्या. एक ठोका ०.६२५ सेकंदाचा, एक आठ बरोबर ५ सेकंदांची, चार आठी २० सेकंदांत. गाजलेलं गाणं घेऊ नका. ज्याला ते पाठ आहे त्याला थांबे कुठे येतात हे आधीच माहीत असतं. स्टेप साध्या आणि नाव असलेल्या ठेवा: रनिंग मॅन, रॉजर रॅबिट, बार्ट सिम्प्सन, कॅबेज पॅच, वॉप यांसारख्या पार्टी-स्टेप. जमिनीवर जाणं, गुडघ्यावर पडणं, उचलणं काहीही नको. वसईचा किंग्ज युनायटेड हा संघ २०१९ मध्ये अमेरिकेत ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ जिंकला, तेव्हापासून अनेकांच्या डोळ्यांपुढे तसल्या उड्या असतात. त्या रचना वर्षानुवर्षं एकत्र तालीम केलेल्या संघासाठी असतात, प्रयोगासाठी नव्हेत.

अशा दोन रचना लागतील, कारण दहा-दहाचे दोन वेगळे गट करण्यापेक्षा प्रत्येकाला दोन्ही पद्धतींनी शिकवणं तुमच्या आकड्याला झेपतं. हिशेब असा: ०.५ एवढा मध्यम परिणाम (म्हणजे सरासरींतला फरक प्रमाण विचलनाच्या निम्मा) ८० टक्के खात्रीने पकडायचा तर दोन वेगळ्या गटांत प्रत्येकी ६४ माणसं लागतात. तीच माणसं दोन्हीकडे असतील, तर ३४ पुरतात. २० जणांत तुम्हाला साधारण ०.६६ किंवा त्याहून मोठा परिणामच भरवशाने दिसेल. हे प्रबंधात उघड लिहा. माणसं २४ घ्या, कारण सात दिवसांनी दोन-तीन जण येणार नाहीत, हे ठरलेलं धरा.

दोन्ही रचना तोडीस तोड हव्यात, नाहीतर पद्धतीचा फरक आणि रचनेचा फरक वेगळे काढता येणार नाहीत. कागदावर मोजून बघा: प्रत्येक रचनेत सहा ‘आणि’, तीन थांबे, दिशाबदल एकच, वजन पायावरून पायावर जाण्याच्या वेळा सारख्या. मग नमुन्यात नसलेल्या चार जणांना दोन्ही शिकवा. एक रचना सगळ्यांनाच सोपी गेली तर तिच्यात एक ‘आणि’ वाढवा आणि पुन्हा तपासा. पहिला आठवडा यातच जाऊ द्या, तो वाया जात नाही.

२४ जणांचे सहा-सहाचे चार गट करा: पहिली रचना आकड्यांनी मग दुसरी आवाजांनी, पहिली आवाजांनी मग दुसरी आकड्यांनी, आणि दुसऱ्या रचनेपासून सुरू होणारे असेच दोन. गट करण्याआधी प्रत्येकाला विचारा की कथक, भरतनाट्यम, लावणी, झुंबा किंवा तबला-ढोलकी यांपैकी काय, किती वर्षं. अशी माणसं चारही गटांत सारखी वाटा आणि त्यानंतर चिठ्ठ्या टाका. हे टाळलं तर एका गटात तीन कथकवाल्या मुली येतील आणि आवाजांची पद्धत भलतीच यशस्वी दिसेल.

शिकवण्याचा तास ४० मिनिटांचा: ८ मिनिटं अंग मोकळं करणं, ४ मिनिटं नुसता बाउन्स, प्रत्येक आठीला ६ अशी २४ मिनिटं, शेवटची ४ पूर्ण रचना. बाउन्सची चार मिनिटं कापू नका. ठोक्यावर गुडघे वाकून शरीर खाली जाणं हा हिपहॉपचा पाया आहे. नवखे लोक ठोक्यावर वर उचलले जातात, आणि मग हात बरोबर असूनही सगळं उसनं दिसतं. भरतनाट्यम शिकलेल्यांचे गुडघे आधीच वाकलेले असतात, पण त्याच उंचीवर स्थिर राहतात. त्यांना खाली-वर होण्याची सवय वेगळी लावावी लागते.

वेग तीन पायऱ्यांत चढवा: ७२, ८४, ९६ बीपीएम. ऑडॅसिटी या ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज टेम्पो’ने मूळ फाइल २५ टक्के आणि साडेबारा टक्के हळू करता येते, पट्टी बदलत नाही. प्रत्येक वेगाला किती फेऱ्या झाल्या ते मोजणारा एक माणूस कोपऱ्यात बसवा आणि दोन्ही पद्धतींत फेऱ्या सारख्याच ठेवा. मिनिटं सारखी पण फेऱ्या वेगळ्या, हा दोष अशा प्रकल्पांत सहज शिरतो. आवाज म्हणायला मजा येते, शिक्षक रंगतो, आणि दोन फेऱ्या जास्त होतात. शिक्षक एकच असावा, त्याच्या हातात लिहिलेली संहिता असावी आणि प्रत्येक तासाचा आवाज रेकॉर्ड करा. आकड्यांच्या तासात त्याच्या तोंडून ‘टाक’ निघालं, तर तेही कळायला हवं. दर दहा मिनिटांनी रांगा बदला. मागची रांग शिक्षकाऐवजी पुढच्या रांगेकडून शिकते, तिच्या चुकांसकट. शिक्षक पाठमोरा उभा राहणार की समोरून आरशासारखा उलटा करून दाखवणार, हेही ठरवून टाका. मध्येच बदललं की डावं-उजवं गोंधळतं आणि तो गोंधळ पद्धतीच्या खात्यावर जमा होतो. फोन हॉलबाहेर. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर गेला की सात दिवसांची चाचणी संपली.

चाचणी एकेकट्याने, आरशावर पडदा टाकून, पुढे कोणी नाही. ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ची चार ठोक्यांची सुरुवात फाइलमध्येच भरा, म्हणजे कोणी तोंडाने द्यायला नको. दोन प्रयत्न द्या, पण मुख्य गुण पहिल्याच प्रयत्नाचे. दुसऱ्या प्रयत्नात पहिल्याची उजळणी मिसळलेली असते. अडकला तर सांगायचं नाही, संगीत चालू ठेवायचं. पुढच्या आठीत तो परत सापडतो का, ही स्वतःच फार बोलकी नोंद आहे.

कॅमेरा तिपाईवर, साधारण कमरेच्या उंचीला, चार-पाच मीटरवरून, आडवा, हात वर केले तरी पूर्ण शरीर आणि पावलं चौकटीत. सेकंदाला ६० फ्रेमवर घ्या. ३० फ्रेमवर एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, ६० वर जवळपास १७ ची. बरेचसे फोन फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत, त्यामुळे मोजण्याआधी हँडब्रेक या व्हिडिओ-सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर वेगाची करून घ्या. ठोक्याची वेळ व्हिडिओतच रेकॉर्ड झालेल्या आवाजावरून धरा. प्ले बटण दाबल्याच्या क्षणावरून धरली, तर ब्लूटूथ स्पीकरचा उशीर सगळ्या आकड्यांत घुसतो. हॉलमधल्या पाच मीटर अंतराने आवाजाला लागणारा वेळ एका फ्रेमहून कमी आहे, तो सोडून द्या. अंधाऱ्या हॉलमध्ये हात पुसट दिसतात आणि थांबल्याची फ्रेम सापडत नाही, म्हणून दिवसा, खिडक्या उघडून.

गुणांकनात प्रत्येक रचनेच्या बारा जागा आधीच ठरवा, ज्यांत सहा ‘आणि’ आणि तिन्ही थांबे आलेच पाहिजेत. प्रत्येक जागेला तीन गोष्टी: स्टेप बरोबर का, बाजू बरोबर का, वेळेत का. प्रत्येकी शून्य किंवा एक, एकूण ३६. वेळ मोजताना हालचालीची सुरुवात धरू नका, शेवट धरा: पाऊल टेकल्याची किंवा हात थांबल्याची फ्रेम. थांब्याच्या जागी शरीर स्थिर झाल्याची फ्रेम. किनोव्हिया हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरतं. ९६ बीपीएमला अर्धा ठोका ३१२ मिलिसेकंदांचा, म्हणून मागे-पुढे १०० मिलिसेकंद, म्हणजे सहा फ्रेम, एवढी सूट ठीक. याहून मोठी दिली तर ‘आणि’ चुकून पुढच्या ठोक्याकडे सरकलेलाही बरोबर ठरू लागतो. लवकर की उशिरा, हे चिन्हासकट लिहा. सतत दीड-दोनशे मिलिसेकंद मागे असलेला माणूस बहुधा आठवून नाचत नसतो, बघून किंवा ऐकून मग हलत असतो.

‘भाव’, ‘स्टाइल’, ‘ऊर्जा’ यांना दहापैकी गुण देण्याचा मोह होईल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग या हिपहॉप नृत्यप्रकाराच्या परीक्षकांपुढे तंत्र, स्टेपांचा साठा, सफाई, संगीताशी नातं आणि नवेपणा असे पाच निकष होते. ते स्वतःचं काही घेऊन उतरणाऱ्या नर्तकासाठी आहेत. सगळ्यांना एकच रचना दिल्यावर नवेपणाला गुण कसले देणार?

व्हिडिओ ९६ होतील. एकाला साधारण दहा मिनिटं धरली तर १६ तासांचं काम. दुसऱ्या परीक्षकाकडून त्यांतले २४ तपासून घ्या, म्हणजे त्याचे चार तास. कोणता व्हिडिओ कोणत्या पद्धतीचा हे दोघांनाही माहीत नसावं, फाइलला फक्त क्रमांक असावा. शून्य-एकच्या नोंदींसाठी कोहेनचा कप्पा (kappa), म्हणजे दोन परीक्षकांचं कितपत जुळतं ते सांगणारा आकडा, काढा. तो ०.६ च्या खाली आला, तर नियम ढिले आहेत. ते पुन्हा लिहा आणि पुन्हा तपासा. शेवटी प्रत्येकाच्या दोन पद्धतींतल्या गुणांचा फरक काढून जोडीची टी-चाचणी, आणि फरकांची मांडणी फार एकांगी असेल तर विल्कॉक्सनची क्रमांकांवर चालणारी चाचणी. ‘आणि’च्या सहा जागांचे गुण वेगळे काढून तीच चाचणी पुन्हा करा. तुमचं खरं उत्तर तिथे असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

वेळापत्रक: दुसऱ्या आठवड्यात ज्या गटाची जी रचना आधी, ती. तिसऱ्यात तिची सात दिवसांची चाचणी आणि त्याच दिवशी, चाचणी झाल्यावर, उरलेली रचना. चौथ्यात तिची चाचणी. पाचवा-सहावा गुणांकन आणि लेखनाला. मतांचा फॉर्म ठेवा, पण सात दिवसांच्या चाचणीनंतर भरून घ्या, आणि ‘शिकलो असं वाटलं’ हे उत्तर शिकण्याचा पुरावा म्हणून वापरू नका. मध्ये घरी सराव केला का, हेही त्यातच विचारा. खरं सांगितलं तर गुण कापले जाणार नाहीत, एवढं आधी बोलून ठेवा.

संमतीपत्रात व्हिडिओ कोण बघणार, कुठे राहणार, कधी पुसणार हे लिहा. अठराखालच्यांसाठी पालकांची सही. गेल्या काही महिन्यांत घोटा किंवा गुडघा दुखावलेल्यांना घेऊ नका. लादीवर मोजे घालून कोणालाही नाचू देऊ नका, सपाट तळाचे बूट सक्तीचे.

प्रस्तावनेच्या प्रकरणात एक चूक करू नका: सगळं काही न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये जन्मलं असं लिहू नका. ११ ऑगस्ट १९७३ ला सेज्विक अव्हेन्यूवर कूल हर्क या डीजेने गाणी वाजवलेली पार्टी आणि ब्रेकिंग हे ब्रॉन्क्सचं. लॉकिंग ही शैली लॉस एंजेलिसमध्ये डॉन कॅम्पबेलने रुजवलं, पॉपिंग ही शैली कॅलिफोर्नियातल्याच फ्रेझ्नोच्या बूगालू सॅम आणि त्याच्या इलेक्ट्रिक बूगालूज या संघाशी जोडलेलं आहे. वर्गात आठी मोजून शिकवली जाणारी रचना ही नंतर स्टुडिओत घडलेली गोष्ट आहे. मूळ नाच वर्तुळात, उत्स्फूर्त होता. तुमचा प्रयोग यातल्या स्टुडिओच्या भागावर आहे. व्याख्येत हे दोन ओळींत लिहा, आणि शीर्षकात ‘हिपहॉप नृत्य’ऐवजी ‘हिपहॉप शैलीतील ठरावीक रचना’ असं घाला.