आजार तिचा, म्हणून आधी तिचंच मोडायचं?

प्रश्न: मी 41 वर्षांची, राहणार पाथर्डी फाटा, नाशिक. दीड वर्षापासून दोन्ही किडन्या निकामी आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. मिस्टर 45 वर्षांचे, अंबड एमआयडीसीत नोकरीला, हातात 48 हजार येतात. मुलगी अकरावीत. कंपनीत व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) निघाली आहे, साधारण 14 लाख मिळतील. ते घेऊन मला सांभाळायचं आणि घरूनच काहीतरी करायचं असं त्यांच्या मनात आहे. किडनी द्यायलाही ते तयार आहेत. फ्लॅट त्यांच्या नावावर आहे. वडिलांनी घेऊन दिलेला आडगावचा प्लॉट, पीपीएफचे साडेसहा लाख आणि 12 तोळे सोनं माझं. सासूबाई म्हणतात, आजार तिचा तर आधी तिचंच मोडा. मलाही ते पटतं, माझ्यामुळे घर खाली चाललंय. रेशनकार्ड पांढरं, त्यामुळे सरकारी योजना नाही. प्लॉट विकून टाकू का?

उत्तर: ताई, प्लॉट आत्ता विकू नका. आणि व्हीआरएसच्या अर्जावर सही करण्याआधी हे उत्तर मिस्टरांना वाचायला द्या. तुमच्या घरातला सगळ्यात महाग निर्णय नोकरी सोडण्याचा आहे, आणि त्याबद्दल तुम्ही मला काहीच विचारलेलं नाही.

14 लाख म्हणजे त्यांचा एकोणतीस महिन्यांचा पगार. साठीला अजून पंधरा वर्षं आहेत. पगाराबरोबर पीएफ थांबेल, आणि बहुधा कंपनीचा ग्रुप मेडिक्लेमही जाईल. अशा ग्रुप पॉलिसीत आधीपासूनचे आजार बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, आणि डायलिसिसला चोवीस तास ॲडमिट राहावं लागत नाही, ते डे-केअरमध्ये बसतं. तुमच्या आजारात बाहेर नवी पॉलिसी मिळणं जवळपास अशक्य आहे. म्हणून त्यांनी उद्याच एचआरला लेखी विचारावं: बायकोचं नाव पॉलिसीत आहे का, रक्कम किती, डायलिसिसला वेगळी मर्यादा आहे का, नोकरी सोडल्यावर त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का आणि कोणत्या अटींवर.

डायलिसिसच्या तीन दिवशी सोबतीला एखाद्या मावशी ठेवल्या, रिक्षा बांधून घेतली, त्यात महिन्याला दहा-बारा हजार गेले तरी 48 हजारांची नोकरी टिकते. शिफ्ट बदलून मिळते का तेही त्यांनी पाहावं.

पांढऱ्या रेशनकार्डाची अडचण आता राहिलेली नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू झाली आहे आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुम्ही जिथे डायलिसिस घेता ते हॉस्पिटल योजनेत आहे का, ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. नसेल तर शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात चौकशी करा.

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येतो, कारण तुमच्या पत्रातला खरा सल तोच आहे. ‘आजार तिचा, पैसा तिचा’ हा हिशोब मला मुळीच मान्य नाही. इतकी वर्षं तुम्ही घर चालवलंत, मुलगी वाढवलीत, तेव्हा तुमच्या नावावर कोणी पगार जमा केला नाही. तो वाचलेला खर्च त्यांच्या पीएफमध्ये आणि फ्लॅटच्या हप्त्यांमध्ये मुरला आहे. म्हणजे त्यांच्या नावावरच्या पैशातही तुमचा हिस्सा आहे, कागदावर तो दिसत नाही एवढंच. सोनं तर तुमचं स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्येही स्पष्ट सांगितलं की नवरा अडचणीत ते वापरू शकतो, पण परत करण्याची जबाबदारी त्याची राहते.

आणखी एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहतो. आजारी माणसाचे पैसे आधी संपले की त्याला औषधासाठी, रिक्षासाठी, माहेरी जाण्यासाठीही हात पसरावा लागतो. मग उपचारांच्या निर्णयातही त्याचा आवाज बारीक होतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. तुमच्या एकटीच्या खात्यात, कोणालाही हिशोब न देता वापरता येईल अशी थोडी रक्कम कायम ठेवा.

मिस्टरांवरही अन्याय नको. दीड वर्ष ते नोकरी आणि दवाखाना दोन्ही ओढत आहेत. नोकरी सोडावीशी वाटण्यामागे प्रेम आहे तसा थकवाही असणार. तो थकवा मावशींच्या पगाराने आणि आठवड्यातल्या एका मोकळ्या दिवसाने कमी होणार असेल, तर तो खर्च उपचारांचाच समजा. तुमच्या माहेरच्यांनी महिन्यातले दोन-तीन डायलिसिस सांभाळले तर फार बरं.

रोजचा खर्च पगारातून आणि योजनेतून चालवा. मोठी रक्कम लागली की दोघांकडून काढा: तुमच्या पीपीएफमधून काही, त्यांच्या पीएफमधून आजारपणाचा ॲडव्हान्स. पीपीएफ खातं जुनं असेल तर अंशतः रक्कम काढता येते. पाच वर्षं झाली असतील तर गंभीर आजारासाठी ते मुदतीआधी बंदही करता येतं, पण त्यात एक टक्का व्याज कमी मिळतं, त्यामुळे तो मार्ग नंतरचा. सोनं तारण ठेवू नका. फेडायला पगारातून काही उरणार नसेल तर व्याज चढत जातं, त्यापेक्षा गरजेपुरतं मोडलेलं बरं. प्लॉट मात्र प्रत्यारोपण आणि त्यानंतरच्या औषधांसाठी राखा. त्याचे तुकडे सहज विकता येत नाहीत, आणि पैसे खात्यात येऊन पडले की रोजच्या खर्चात विरघळतात. कुंभमेळ्यामुळे भाव चढलेत म्हणून घाई करणाऱ्या एजंटचं ऐकू नका, टोकनही घेऊ नका.

दोघांनीही मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार पुरतात. मिस्टरांनी ते केलं नाही तर हिंदू वारसा कायद्यानुसार त्यांच्या फ्लॅटमध्ये तुम्ही, मुलगी आणि सासूबाई असे तीन समान वाटे होतील. बँकेतलं एक खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असं, करून घ्या.

किडनी देण्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण पैशाच्या दृष्टीने तिथेच मोठी जोखीम आहे. कायद्याने नवरा जवळचा नातेवाईक धरला जातो, आणि रक्तगट जुळला नाही तर अशाच दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदलही करता येते. तपासण्या सुरू होऊ द्या, त्याच वेळी पुण्याच्या झेडटीसीसीच्या (मृत दात्यांच्या अवयवांचं वाटप पाहणारी संस्था) प्रतीक्षायादीत तुमचं नाव लावायला डॉक्टरांना सांगा. पण आज त्या घरात कमावणारे ते एकटे आहेत आणि त्यांना काही झालं तर तुमचं काय, याची तजवीज तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. त्यांचा टर्म इन्शुरन्स आणि स्वतंत्र मेडिक्लेम याच महिन्यात घ्या. किडनी दिल्यानंतर कंपन्या जास्त हप्ता मागू शकतात किंवा अर्ज पुढे ढकलू शकतात. अर्जात नियोजित शस्त्रक्रियेबद्दल विचारलं असेल तर खरं तेच लिहा, नाहीतर क्लेमच्या वेळी कंपनी त्यावरच बोट ठेवेल. विम्याची कागदपत्रं हातात आली आणि एचआरचं उत्तर आलं की मला पुन्हा लिहा, मग प्लॉटचं बघू.