ड्युटी वाढली म्हणजे नेमकं काय झालं?

तेल, सोयाबीन, कापूस, सळई, सोनं. प्रश्न वेगवेगळ्या गावांतून येतात, पण घोळ एकच असतो. ‘ड्युटी’ म्हणजे आयात शुल्क, हा शब्द कानावर पडला की भाव चढणार किंवा पडणार असं धरून लोक धावतात. ती कशावर, किती आणि कोणत्या तारखेपासून, हे विचारायचं राहून जातं. या घाईवर मोंढ्यात पैसे कमावणारे लोक आहेत. आयात-निर्यातीच्या कागदपत्रांत माझा दिवस जातो, म्हणून वाचकांच्या काही प्रश्नांना इथे एकत्र उत्तरं देतो. शेतमाल ठेवायचा की विकायचा हे मात्र इथून कुणालाच सांगता येत नाही. तुमचा माल, तुमचं कर्ज आणि तुमची नड समोर ठेवूनच ते ठरतं.

प्र. आयात शुल्क परदेशातली कंपनी भरते की आपण? (विद्यार्थी, हिंगोली)

आपण. माल मागवणारा इथला आयातदार ते बंदरावर भरतो आणि पुढे मालाच्या भावात वसूल करतो. अमेरिकेनं आपल्या मालावर लावलेलं शुल्कही सहसा तिथला आयातदारच भरतो.

प्र. २०२४ च्या गणपतीत तेलावरची ड्युटी वाढल्याची बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी दुकानदारानं डब्याचा भाव वाढवला. २०२५ मध्ये ड्युटी कमी झाली तेव्हा म्हणाला, जुना माल आहे. दोन्ही वेळा त्याचंच खरं कसं? (गृहिणी, परभणी)

दोन्ही वेळा त्याचं खरं असू शकत नाही.

१४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के झालं, रिफाइंड तेलावरचं १३.७५ वरून ३५.७५ टक्के. माल बंदरात आल्यावर आयातदार ‘बिल ऑफ एंट्री’ हा आयातीचा कागद दाखल करतो, त्या वेळचा दर मालाला लागतो. आधी सुटलेल्या मालाला नवा दर लावता येत नाही. वाढ झाली तेव्हा देशात कमी शुल्काचं सुमारे ३० लाख टन तेल पडून होतं, दीड महिना पुरेल इतकं. तो साठा संपेपर्यंत छापील किंमत वाढवू नका, असं केंद्राच्या अन्न खात्यानं तेल कंपन्यांच्या संघटनांना बोलावून सांगितलं होतं. म्हणजे तुमच्या दुकानातला तो डबा जुन्या शुल्काचाच असणार.

हिशेब असा. कच्चं तेल बंदरात किलोला १०० रुपयांना पडलं, तर त्या वाढीनं त्यावर २२ रुपये चढले, ५ टक्के जीएसटी धरून २३. ३१ मे २०२५ पासून कच्च्या तेलावरचं शुल्क १६.५ टक्क्यांवर आलं, म्हणजे त्याच १०० रुपयांवर ११ रुपये उतरले. रिफाइंडवरचं ३५.७५ तसंच राहिलं. दर न बदलताही शुल्काचे रुपये हलतात, कारण पाम आणि सोया तेलाची शुल्कासाठी धरायची किंमत सरकार दर पंधरवड्याला नव्यानं जाहीर करतं, आणि डॉलरचा भावही त्यात येतो. त्यामुळे पै-पैचा हिशेब दुकानात बसून लागणार नाही. पण भाव चढायला एक रात्र आणि उतरायला तीन महिने लागत असतील, तर ते शुल्काचं काम नाही.

पिशवीवरचं वजनही वाचत जा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. आता ७५०, ८०० ग्रॅमच्या पिशव्या त्याच आकारात येतात आणि ‘तेल स्वस्त झालं’ म्हणून विकल्या जातात. करडई आणि शेंगदाण्याचं तेल तर आपल्याच शिवारातलं. पामवर ड्युटी वाढली म्हणून दुसऱ्या दिवशी घाण्यावरचं करडईचं तेल महागण्याचं काही कारण नाही. बिल मागा. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा किंवा जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात जा.

प्र. लेकीच्या लग्नासाठी सोनं घ्यायचंय. सराफ म्हणतो ड्युटी वाढणार, आजच बुक करा. (लातूर)

सोन्यावरचं शुल्क जुलै २०२४ मध्ये १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं आणि २०२५ मध्येही ६ टक्केच होतं. त्यानंतर सोनं महागलं ते जगातल्या भावामुळे आणि रुपया घसरल्यामुळे. पुढे काय होणार हे सराफालाही ठाऊक नसतं. घेताना दागिन्यावरचा एचयूआयडी (हॉलमार्क) क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा आणि मजुरी बिलात वेगळी लिहून घ्या.

प्र. तेलावरची ड्युटी वाढली की सोयाबीनला भाव मिळतो, असं सगळे म्हणतात. २०२४ मध्ये ड्युटी चौपटीहून वाढली, तरी आमचं सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं. २०२५ मध्येही तेच. आता पुन्हा ड्युटी वाढणार असा मेसेज फिरतोय, थांबू का? (शेतकरी, औसा)

मेसेजवर थांबू नका. बाकी उत्तर सविस्तर देतो, कारण या एका गैरसमजानं मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचं जितकं नुकसान केलंय तितकं दुसऱ्या कशानं केलेलं माझ्या पाहण्यात नाही.

एक क्विंटल सोयाबीन गाळलं की त्यातून साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या वर पेंड. मिलवाला तुमच्या सोयाबीनला भाव लावतो तो या दोन्हींची बेरीज करून. धरून चाला की ड्युटीमुळे तेल किलोला २० रुपयांनी वाढलं. क्विंटलमागे ३६० रुपये आले. त्याच वेळी पेंड किलोला ५ रुपयांनी उतरली, तर ४०० रुपये गेले. वर काही उरलं नाहीच, उलट ४० रुपये गेले. ड्युटी तेलावर लागली होती, आणि तुमचा माल आहे मुख्यतः पेंड.

पेंड का पडली, तर इथेनॉलसाठी मका आणि तांदूळ मोठ्या प्रमाणावर वापरले जाऊ लागले. इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो त्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात. तो कोंबडीखाद्यात आणि पशुखाद्यात स्वस्तात जातो आणि सोयापेंडीची जागा घेतो. दुसरीकडे ब्राझील आणि अर्जेंटिनाची पेंड जगात स्वस्त असल्यामुळे आपली निर्यात अडते. त्यात सार्क देशांच्या व्यापार करारामुळे नेपाळमधून रिफाइंड तेल शुल्काशिवाय आलं. नेपाळमध्ये एवढं सोयाबीन पिकत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. कच्चं तेल बाहेरून नेऊन, तिथे शुद्ध करून ते इकडे वळवलं गेलं. म्हणजे ग्राहकाला शुल्काच्या ज्या भिंतीचा भार सोसावा लागला, तिला मागून दार होतं.

परिणाम तुम्ही पाहिलाच. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि हंगामात मोंढ्यातले सौदे त्याच्या बरेच खाली झाले. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ होता. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भिजलेला, डागी माल आडतीवर दाखवला की त्याच्या आसपासही कुणी बोलत नव्हतं. घरातली बाई त्याच महिन्यात महाग तेल आणते. ज्या शेतकऱ्याच्या नावानं शुल्क वाढतं, त्याचंच कुटुंब विकताना मार खातं आणि घेतानाही.

आता मेसेजविषयी. अशा मेसेजमध्ये तारीख नसते, अधिसूचनेचा क्रमांक नसतो. शुल्क बदलतं ते अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचनेनं, तिला क्रमांक आणि तारीख असते आणि ती सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येते. ‘वाढणार’ हा मेसेज साठा करून बसलेल्याच्या कामाचा असतो, आणि ‘कमी होणार’ हा स्वस्तात उचलणाऱ्याच्या. आपल्या हाताला दोन्हींतून काही लागत नाही.

करायचं ते हे: हमीभाव खरेदीची नोंदणी केली नसेल तर सातबारा, पीकपेरा, आधार आणि पासबुक घेऊन उद्याच केंद्रावर जा. खरेदीत ओलावा १२ टक्क्यांपर्यंतच चालतो. २०२४ मध्ये केंद्रानं ती मर्यादा १५ केली, पण तोवर नोव्हेंबर उजाडला होता आणि गरजवंतांचा माल विकला गेला होता. सवलतीची वाट न पाहता माल वाळवा, चाळणी मारून मातेरं काढा. डागी मालाचं काय करायचं हे बाजार समितीच्या सचिवाला नमुना दाखवून विचारा. औशाच्या मालाला छत्रपती संभाजीनगरात बसून मी भाव सांगणं बरोबर नाही.

प्र. कापसावरची ड्युटी माफ केली म्हणून गावात येणारा व्यापारी भाव पाडून मागतोय. (घनसावंगी, जि. जालना)

माफी खरी होती. फेब्रुवारी २०२१ पासून असलेलं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून काढलं गेलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेच्या शुल्कानं अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला आधार म्हणून. उद्योगाची अडचण मी नाकारत नाही, पण वेचणीच्या ऐन हंगामात दार उघडणं चूक होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी तुमच्या दारातल्या व्यापाऱ्याला त्याचा जितका फायदा दिसतोय तितका तुम्ही देऊ नका. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ मध्ये ८,११० रुपये हमीभाव होता. ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्राची तारीख घ्या. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ पर्यंत कपात, १२ च्या वर माल परत. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस थेट गाडीत भरू नका. ॲप चालत नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा बाजार समितीत बसून भरून घ्या, व्यापाऱ्याच्या मोबाइलवरून नको.

प्र. घर बांधतोय. जालन्याची सळई ‘सेफगार्ड ड्युटी’मुळे महागली असं ठेकेदार सांगतो. (अंबड)

एप्रिल २०२५ मध्ये देशी उद्योगाला संरक्षण म्हणून २०० दिवसांसाठी लावलेली ती १२ टक्के जादा ड्युटी पत्र्यासारख्या सपाट पोलादावर होती, सळईवर नाही. जालन्यात सळई बनते ती मुख्यतः भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून, आणि लोखंडी भंगारावर २०२५ मध्ये आयात शुल्कच नव्हतं. भाव विजेच्या दरानं, भंगाराच्या भावानं हलतो. ठेकेदाराकडून कारखान्याचं बिल आणि वजनकाट्याची पावती मागा.

प्र. वाळूजमध्ये छोटा कारखाना आहे, अमेरिकेला सुटे भाग जातात. तिथला ग्राहक म्हणतो, २०२५ मध्ये लागलेल्या ५० टक्के टॅरिफमधला अर्धा भार तुम्ही उचला. ओळखीचे एकजण म्हणतात, दुबईमार्गे पाठवा. (उद्योजक, छत्रपती संभाजीनगर)

दुबईचं आधी: अजिबात नको. माल भारतात बनला तर तो भारतीयच राहतो, डबा कुठूनही फिरवा. अमेरिकेच्या २०२५ च्या आदेशात अशा फिरवलेल्या मालावर ४० टक्के वेगळं शुल्क आणि वर दंड होता. हा सल्ला देणारा त्या दिवशी तुमच्या सोबत उभा राहणार नाही.

आता भार. ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून रशियन तेलाच्या कारणानं आणखी २५, असे ते ५० टक्के झाले. पण सगळ्याच मालाला ते लागत नव्हते. वाहनांच्या काही सुट्या भागांवर अमेरिकेनं वेगळ्या कायद्याखाली २५ टक्के लावले होते, आणि त्या यादीत असलेल्या भागांवर हे ५० टक्के चढत नव्हते. तुमचा भाग कोणत्या यादीत बसतो हे त्याच्या एचएस कोडवर (मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकावर) ठरतं, म्हणून आधी ग्राहकाकडून त्यानं तिकडे भरलेल्या शुल्काचा कागद मागा. ५० समजून सवलत द्याल आणि त्यानं भरले असतील २५. कराराच्या अटीही पाहा. ‘एफओबी’ (माल इथे जहाजावर चढवून देणं) असेल तर शुल्क त्याचं, ‘डीडीपी’ (शुल्क भरून माल पोचवणं) असेल तर तुमचं. सवलत द्यावीच लागली तर ठरावीक खेपांपुरती आणि लेखी द्या. शुल्क उतरल्यावर ती आपोआप संपेल असं वाक्य करारात घाला. सही करण्याआधी कस्टम ब्रोकर आणि सीए दोघांना कागद दाखवा, आणि उधारी मोठी असेल तर निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी ईसीजीसीकडे चौकशी करा.

प्र. मागच्या हंगामाची तूर घरात आहे. पिवळ्या वाटाण्यावर ड्युटी लागली, आता तुरीला भाव फुटणार म्हणतात. (उदगीर)

वाटाण्यावर १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के लागलं, हे खरं. पण वाटाणा स्पर्धा करतो ती मुख्यतः हरभऱ्याशी, बेसनात. तुरीची आयात तेव्हा ३१ मार्च २०२६ पर्यंत शुल्कमुक्तच ठेवली होती. म्यानमार, मोझांबिक, टांझानियाची तूर येत राहते, आणि जानेवारीत आपली नवी तूर मोंढ्यात उतरते. सगळी तूर एका आशेवर धरून ठेवू नका. पैशांची नड असेल तर बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा: मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ६ टक्के व्याजानं, सहा महिन्यांसाठी कर्ज मिळतं. तुमची समिती ती राबवते का, गोदामात जागा आहे का, हे आधी विचारून घ्या. आणि पोत्याला भुंगा लागलाय का तेही आजच पाहा.

प्र. ‘तुमचं परदेशी पार्सल कस्टममध्ये अडकलंय, ड्युटी भरा’ असा फोन आला, खाते क्रमांकही दिला. (निवृत्त शिक्षक, बीड)

फसवणूक आहे, एक रुपयाही देऊ नका. सीमाशुल्क कार्यालय कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही, आणि त्याच्या पत्रावर डीआयएन हा पत्राचा ओळख क्रमांक असतो, जो संकेतस्थळावर तपासता येतो. पैसे गेले असतील तर हे वाचून संपण्याची वाट न पाहता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन १९३० वर फोन करा.