ब्रशला हात लावू नका, बाकी खुशाल धुवा

प्रश्न : नमस्कार, मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, काळी सेडान आहे. अपार्टमेंटमध्ये गाडी धुवू देत नाहीत म्हणून जवळच्या सेल्फ सर्व्ह वॉशला नेतो, मशीनमध्ये नाणी टाकायची आणि प्रेशरच्या पाण्याची गन घेऊन आपलं आपणच धुवायचं. आता उन्हात बघितलं की बॉनेटभर बारीक गोल गोल ओरखडे दिसतात. मित्र म्हणतो प्रेशरच्या पाण्याने पेंट जातो, त्यापेक्षा ऑटोमॅटिक टनेलमध्ये, म्हणजे गाडी पुढे सरकत आपोआप धुतली जाते तिथे, घाल. खरंच तसं असतं का?

उत्तर : मित्राने भलत्यालाच धरलंय. पाण्याने असे ओरखडे पडत नाहीत. तुम्ही लिहिलं नाहीये पण तिथे भिंतीला जो लांब दांड्याचा फेसवाला ब्रश अडकवलेला असतो ना, तो तुम्ही वापरत असणार. पुढच्या वेळी मोबाईलचा टॉर्च मारून त्याचे केस जरा फाकवून बघा, मुळाशी वाळू, चिखल, काळं ग्रीस सगळं सापडेल, कारण तुमच्या आधी कोणीतरी त्याच ब्रशने पिकअपची चाकं घासून गेलेला असतो. शेजारच्यांच्या कढईला लावलेली घासणी आपण आपल्या चष्म्यावर फिरवू का? तसंच आहे हे.

आणि पेंट म्हणजे काही फार जाड थर नसतो. कंपनीतून आलेल्या गाडीचा सगळा पेंट मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट 40-50 च्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. तुमचे ओरखडे या क्लिअर कोटमध्येच आहेत. गंमत म्हणजे ते गोल नसतातच, वाट्टेल त्या दिशेने गेलेल्या सरळ रेषा असतात, पण सूर्याचा किंवा बल्बचा उजेड ज्या रेषांवर आडवा पडतो तेवढ्याच चमकतात म्हणून दिव्याभोवती गोल फिरल्यासारख्या वाटतात. पांढऱ्या गाडीवरही तेवढेच असतात, दिसत नाहीत एवढंच, काळी मात्र सगळं चव्हाट्यावर आणते.

आता प्रेशर. अशा ठिकाणी गनला साधारण 1000-1200 पीएसआय (पाण्याचा दाब मोजायचं एकक) असतं, फूट-दीड फूट लांबून मारलं तर चांगल्या पेंटला काही होत नाही. पण हायवेवर खडा लागून टवका उडालेला असेल तर तिथे जवळून मारू नका, पाणी कडेखाली घुसतं आणि टवका मोठा होतो. गॅरेजमध्ये परत रंगवलेला पार्ट, स्टिकरच्या कडा, तिथेही जरा लांबूनच.

टनेलचं म्हणाल तर तिथे कापडाच्या पट्ट्या फिरतात, त्याही सगळ्यांच्याच गाड्यांना लागलेल्या. टचलेस म्हणजे ब्रश-कापड न लावता धुणारं ऑटोमॅटिक मशीन, त्यात काही घासलं जात नाही पण घासायची कसर कडक केमिकलने भरून काढतात, त्यामुळे वॅक्स लवकर उतरतं.

तेव्हा सेल्फ सर्व्ह सोडू नका, फक्त पद्धत बदला. आधी नुसत्या पाण्याने वरून खाली धूळ-वाळू उडवा, यावर मीटर पळत असला तरी कंजूषी नको, सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. मग प्रीसोक (मळ सैल करणारं द्रावण) किंवा साबण मारा पण तो गाडीवर सुकू देऊ नका, गरम बॉनेटवर तर नाहीच, डाग धरतो. परत पाणी, आणि शेवटी डायलवर स्पॉट फ्री रिन्स असतं ते, या पाण्यातले क्षार काढलेले असतात म्हणून वाळल्यावर पांढरे ठिपके राहत नाहीत. तीन रंगांचा फेस येतो तो बघायला छान, मुलांना आवडतो, त्यावर पैसे घालवायची गरज नाही. पुसायला स्वतःचा मायक्रोफायबर, दाबून घासायचं नाही, जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद.

नुसत्या पाण्या-साबणाने एक पातळ मळकट थर राहतोच, तो हात लावल्याशिवाय निघत नाही. तिथे बादली चालत असेल तर स्वतःचा मिट (हातात घालायचा धुण्याचा मऊ मोजा) आणि कार शाम्पू घेऊन जा, पण आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी चालत नाही. नसेल चालत तर धुतलेल्या गाडीवर अपार्टमेंटवाल्यांना विचारून घरी पार्किंगमध्ये रिन्सलेस वॉश करा, म्हणजे नंतर पाणी ओतून धुवावं लागत नाही असं द्रावण वापरून पुसणं, अर्धी बादली पाण्यात होतं.

हिवाळ्यात तर तुम्हाला या जागेची जास्तच गरज आहे. रस्त्यावर मीठ टाकतात ते खालच्या पत्र्याला आणि टवक्यातून आत गंज लावतं, त्यामुळे टेंपरेचर शून्य सेल्सियसच्या वर गेलं की गन खाली वाकवून चाकांच्या कमानी आणि बुड धुवून घ्या, आणि दारांचे रबर पुसा नाहीतर सकाळी दार गोठलेलं.

पडलेले ओरखडे पॉलिशने जातात, पण पॉलिश म्हणजे क्लिअर कोटच थोडा घासून काढणं, दरवर्षी करायची गोष्ट नाही. आधी ब्रश बंद करा, मगच पॉलिशवर खर्च करा.

प्रश्न : आमच्याकडे नाशिकला असं स्वतः धुवायचं काही नाही, वॉशिंग सेंटरलाच टाकतो. तिथे काय बघावं?

उत्तर : फडकं बघा. चाकाचं आणि बॉडीचं एकच असेल तर सरळ सांगा की धुवून द्या, पुसू नका, मी पुसतो, आणि आपला कपडा गाडीत ठेवा. बोअरचं पाणी असेल तर गाडी उन्हात वाळू देऊ नका, क्षारांचे ठिपके एकदा बसले की शाम्पूने निघत नाहीत.