शॉनच्या काठीपाशी अडकलेल्या भाच्याला

भाच्या,

काल तुझ्या आईचा फोन आला. म्हणे याने कंट्रोलर जमिनीवर आपटला, जेवायलाही आला नाही, तो सिफू का फिफा गेम तूच दिलास ना त्याला, आता तूच निस्तर. म्हणून एवढं लिहितोय. आवाज रेकॉर्ड करून पाठवला असता पण तू तो दुप्पट स्पीडने ऐकतोस.

तुझा सिफूचा स्क्रीनशॉट बघितला. दुसऱ्या लेव्हलला, क्लबमध्ये, तिथल्या बॉससमोर म्हणजे काठीवाल्या शॉनसमोर उभा आहेस आणि वय ५६! अरे माझ्यापेक्षा म्हातारा दिसतोयस, दाढी पिकलीये. शॉन अवघड आहेच, त्यात वाद नाही, पण तुझा घोळ शॉनपाशी झालेलाच नाहीये, तो आधीच्या लेव्हलला स्क्वॉट्समध्ये झालाय आणि तू बिल शॉनच्या नावावर फाडतोयस.

जरा हिशोब कर. या गेममध्ये मेलास की परत उठतोस, पण वय वाढून. सुरुवात २० व्या वर्षी. पहिल्यांदा मेलास की १ वर्ष वाढतं, पुढच्या वेळी २, मग ३, मग ४, म्हणजे २१, २३, २६, ३०. पहिली चार मरणं १० वर्षांत आटोपली, आणि पुढच्या चारांनी तुझी २६ वर्षं खाल्ली. सत्तरी ओलांडली की मग मरायची सोयच नाही, तिथून पुढे मेलास की थेट गेम ओव्हर. मधेमधे जे दांडगे गडी भेटतात ना, त्यांना लोळवलं की तो मरणाचा काउंटर, म्हणजे पुढच्या मरणाला किती वर्षं जाणार तो आकडा, एकाने खाली येतो, आणि तू नेमका त्यांनाच टाळून पुढे पळतोस, हे मी दिवाळीत तुझ्या मागे बसून बघितलंय.

तर पहिलं काम, क्लब बंद. स्क्वॉट्स परत खेळ, तिथल्या बॉसला, फजारला, पंचविशीच्या आत हरवेपर्यंत. प्रत्येक लेव्हलला तू कमीत कमी किती वयात पोचलास ते गेम लक्षात ठेवतो, त्यामुळे तिथे वाचवलेलं वर्ष पुढे शॉनसमोर कामाला येतं. मला माहितीये मागे जायचं म्हटलं की कसं वाटतं. मी स्वतः तिसऱ्या लेव्हलला, म्युझियममध्ये, तिथली बॉस कुरोकी हिच्यासमोर साठीत पोचलो होतो आणि दोन आठवडे रोज रात्री तिथेच मार खाल्ला, का तर एकदा पास झालेल्या वर्गात परत कोण बसणार. शेवटी तुझी मामी म्हणाली की तुम्ही रोज त्याच बाईकडून मार खाता. मग गेलो मागे.

आता मागे जाऊन करायचं काय ते नीट ऐक. स्क्वॉट्समधला तो लांब कॉरिडॉर, जिथे कॅमेरा बाजूने दिसायला लागतो, तिथे एकाला शेवटी शिल्लक ठेव. आणि चौकोन, त्रिकोण काही दाबू नकोस, मारायचंच नाही. एल वन दाबून धर आणि डावी स्टिक खाली. वरून येणारा मार डोक्यावरून जातो. पायाशी आला तर स्टिक वर, उडी. बस, एक मिनिट एवढंच. पहिल्या दिवशी माझी बोटं आपोआप चौकोनावर जात होती, शेवटी उजवा अंगठा चक्क मांडीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी त्याच्या हाताकडे बघतच नाहीये, खांदा कुठे वळला तेच बघतोय.

नुसता ब्लॉक धरून उभं राहायची तुझी सवय सोड, स्ट्रक्चर, म्हणजे तोल जाण्याची ती पट्टी, भरते आणि मग तू लुळा पडतोस. पॅरीच्या, म्हणजे ऐन क्षणी बटण दाबून मार परतवण्याच्या, मागेही एवढ्यात लागू नकोस. ते यूट्यूबवाले टकाटक पॅरी करतात ते बघायला भारी आहे, पण टायमिंग चुकलं की तोंडावर बसते. पॅरी नंतर आपोआप येईल.

शॉनचंही हेच. काठीचे बहुतेक फटके वरून येतात आणि मधेच एक पायाशी येतो, त्या एकानेच तू दर वेळी पडतोस. म्हणून डीफॉल्ट स्टिक खाली आणि तो एक ओळखायचा. दुसऱ्या फेजला आजूबाजूला आग लागते, तिला घाबरू नकोस, काठी तीच आहे.

हां, आणि एक्सपी, म्हणजे मारामारीतून मिळणारे पॉइंट, उधळू नकोस. एखादी स्किल घेतली की परत पाच वेळा तेवढेच पॉइंट भरले तरच ती कायमची होते, नाहीतर गेम ओव्हरला गेली. तू सहा स्किल अर्ध्या-अर्ध्या भरून ठेवल्यात. एक धर आणि पूर्ण कर. वाटेत ताकद वाढवायचे देव्हारे लागतात ना, त्या श्राइनवर टेकडाउनने, म्हणजे शेवटच्या लोळवण्याच्या मूव्हने, जास्त हेल्थ मिळते तो पर्याय घे. फारच चिडचिड झाली तर २०२२ च्या मे मध्ये अपडेट आला त्यातला सोपा स्टुडंट मोड लाव, मी कुणाला सांगणार नाही.

एक गंमत सांगतो. यातलं कुंग फू आहे ना, ते पाक मेई, त्याचा अर्थच पांढरी भुवई. गेम बनवणारी स्लोक्लॅप कंपनी पॅरिसची, आणि मूव्ह ज्याने करून दिल्या तो बेंजामिन कोलुसी, तोही फ्रेंचच, पण शिकला चीनमध्ये फोशानला जाऊन.

शनिवारी येतोय. तुझी आई म्हणाली आपटल्यापासून कंट्रोलरची डावी स्टिक आपोआप वर सरकते. म्हणजे शॉनने डोक्यावर काठी घातली की तू उडी मारणार! त्या कंट्रोलरवर तोपर्यंत काही खेळू नकोस, माझा जुना घेऊन येतो. आणि आज जेवून घे.

मामा