भावासाठी घरचा डॉक्टर?

कराडहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बावीस वर्षांचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले, शेजारी पाळत ठेवतात असं वाटायला लागलं. डॉक्टरांनी सायकोसिस सांगितला, गोळ्या सुरू आहेत. मुलगी वीस वर्षांची, मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. या आजाराच्या सुरुवातीच्या काळात संवादातून होणारे उपचार कितपत लागू पडतात, यावर तिला संशोधन करायचंय. वडील लिहितात, "नुसतं बोलून कुणी बरं होतं का? त्यात तपासायचं काय? त्यापेक्षा नीट पुन्हा देऊन सायकियाट्रिस्ट झाली तर भावाकडे घरच्या घरी बघेल. नाहीतरी आमच्यामागे त्याचं तिलाच करायचंय."

नमस्कार.

मी तुमच्या त्या 'नाहीतरी'पाशीच अडकले. मुलीच्या मार्कांचा उल्लेख पत्रात एकदा येतो, मुलाच्या पुढच्या आयुष्याची काळजी ओळीआड येते. ती काळजी खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण वीस वर्षांच्या मुलीचं करिअर तुम्ही भावाची सोय म्हणून ठरवताय, आणि ते मला मान्य नाही. ती उद्या सायकियाट्रिस्ट झाली तरी सख्ख्या भावावर उपचार करणार नाही, करूही नये. कुठलाही शहाणा डॉक्टर आपल्या माणसाची अशी केस दुसऱ्याच्या हातात देतो. ज्या बहिणीशी लहानपणी रिमोटवरून भांडलो, तिच्यासमोर बसून "मला आवाज काय सांगतात" हे कोण मोकळेपणानं बोलेल? त्याला बहीण हवी आहे. थेरपिस्ट बाहेरचाच हवा.

आता 'नुसतं बोलणं'. ही शंका तुमच्या एकट्याची नाही, संशोधकांनाही तीच होती. ब्रिटनमध्ये 'सॉक्रेटीस' नावाची एक चाचणी झाली. आजाराची पहिली-दुसरीच वेळ असलेले तीनशेवर रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. सगळ्यांना नेहमीचे उपचार होतेच. एका गटाला वर सीबीटी दिली, म्हणजे आवाज आणि संशय यांचा अर्थ रुग्णाबरोबर बसून पद्धतशीर तपासणं. दुसऱ्या गटाशी कुणीतरी तेवढाच वेळ आपुलकीनं बोललं. तिसऱ्याला जादा काहीच नाही. मोजमाप करणाऱ्यांना कोण कुठल्या गटात आहे हे कळू द्यायचं नाही, असा अशा चाचण्यांचा नियम असतो. दीड वर्षानं पाहिलं तर बोलणं मिळालेल्या दोन्ही गटांची लक्षणं तिसऱ्यापेक्षा कमी होती. मात्र आजार उलटण्याच्या प्रमाणात तिन्ही गटांत फरक नव्हता, आणि सीबीटी साध्या आपुलकीच्या बोलण्यापेक्षा फारशी सरस ठरली नाही. म्हणजे बोलण्यानं काहीतरी होतं, पण नेमकं कशानं होतं हा प्रश्न उरतो. तुमच्या मुलीला ज्या कामात शिरायचंय ते हे.

या कामाला एक विशिष्ट मन लागतं. सायकोसिसच्या उंबरठ्यावरच्या १४ ते ३५ वयाच्या २८८ जणांवर ब्रिटनमध्येच आणखी एक चाचणी झाली, २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. थेरपीमुळे पूर्ण आजार टळेल अशी आशा होती. थेरपी मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत मिळून शंभरातल्या आठेक जणांनाच आजार झाला आणि थेरपीनं त्यात ठोस फरक पडला नाही. लक्षणांची तीव्रता तेवढी कमी झाली. संशोधकांनी ते तसंच छापलं. वर्षानुवर्षं खपून शेवटी "फरक दिसला नाही" असं लिहायला छाती लागते. "भाऊ बरा झालाच पाहिजे" हे ओझं डोक्यावर घेऊन तिला ते लिहिता येईल का? भावाचा आजार जवळून पाहिल्याचा तिला उपयोगच होईल, रुग्णाला कुठला प्रश्न बोचतो हे तिला पुस्तकाआधी कळेल. फक्त ते ओझं तुम्ही उतरवा.

परदेशात गोळ्यांशिवाय नुसत्या बोलण्यावर चालतं, असं तुम्ही कुठेतरी वाचलंय. मँचेस्टर आणि न्यूकॅसलमध्ये तशी चाचणी झाली होती खरी. पण ती ७४ जणांची होती, गोळ्या न घेण्याचं ज्यांनी स्वतःच ठरवलं होतं त्यांची. ब्रिटनची 'नाइस' ही मार्गदर्शक संस्था गोळ्या आणि थेरपी दोन्ही एकत्र सुचवते. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी कमी करू नका.

त्याच संस्थेच्या शिफारशीत सीबीटीची किमान १६ सत्रं आहेत आणि कुटुंबासोबतची किमान १०. ही दुसरी सत्रं तुमच्यासाठी आहेत. मुलाबद्दल तुम्ही लिहिलंय, "दिवसभर लोळत असतो, जिद्दच नाही." अहो, ते लोळणं बऱ्याचदा आजाराचा भाग असतं, कधी गोळ्यांचा परिणाम. त्याला आळस म्हणू नका. आजार तुमच्यामुळे झालेला नाही, पण घरात सतत टोचून बोललं जातं तिथे तो उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हे लंडनच्या संशोधकांनी काही दशकांपूर्वीच दाखवलंय. हे वाचून राग आला तर येऊ द्या.

लांब जायची गरज नाही. कॅलगरीत संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात 'सा' (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन) ही संस्था सुरू केली, तिथे नातेवाइकांचा स्वमदत गट आहे. रात्री-अपरात्री फोन करायचा झाला तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीतही बोलतात. आणि तुमच्या सातारा जिल्ह्याचाही या संशोधनात हात आहे बरं. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत मिळून २८२ रुग्णांवर एक चाचणी झाली. त्यात स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून रुग्णांच्या घरी पाठवलं. फायदा माफक, पण झाला. निकाल २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. मुलीला तो लेख शोधून वाचायला सांगा.

राहिला तिचा रस्ता. नीट विसरा. एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी, मग भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण, आणि संशोधनासाठी पुढे पीएच.डी. परिषदेची मान्यता नसलेल्या नुसत्या एम.ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. एम.फिल.चा जुना मार्ग बंद होत चाललाय, म्हणून प्रवेशाच्या वर्षी परिषदेची यादी बघूनच कॉलेज निवडा. बंगळुरूचं निम्हान्स आणि रांचीचं सीआयपी या मानसोपचाराच्या केंद्रीय संस्थांची नावं तिला ठाऊक असतीलच. संख्याशास्त्राची भीती असेल तर ती आत्ताच घालवायला हवी.

एक राहिलं. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात मुलीचं स्वतःचं एकही वाक्य नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.